तेहतीस वर्षांच्या गुरूनंतर: एका तरुण ऑर्केस्ट्राचं प्रकरण

1998 साली लॉस एंजेलिसच्या अमेरिकन यूथ सिंफनीपुढे एक असा प्रसंग आला, जो तिच्या इतिहासात आधी कधी आलाच नव्हता. नवा कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभा राहून त्याला वाजवून घेणारा माणूस, यायचा होता. 1964 मध्ये मेहली मेहतांनी हा तरुणांचा वाद्यवृंद उभा केला आणि तेहतीस वर्षं तेच त्याच्यापुढे उभे राहिले. वादक निवडायचे तेच, शिकवायचे तेच, मैफलीही तेच उभ्या करायचे. आता ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या जागी अलेक्झांडर ट्रेगर आले, अठरा वर्षं राहिले, आणि 2016 मध्ये त्यांनीही कार्लोस इझकराय यांच्याकडे सूत्रं दिली. 2024 मध्ये संस्थाच बंद झाली.

या चार ओळींत एक पूर्ण प्रकरण आहे. मी स्वतः व्हायोलिन वाजवते, मुलांना शिकवते, आणि आपल्याकडचे छोटे छोटे स्ट्रिंग ग्रुप कंडक्टर बदलला की कसे कोलमडतात हे जवळून पाहिलंय. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटलं. ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे गणपतीच्या मांडवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम नव्हे. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास, लाकडी आणि पितळी सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, तालवाद्यं असा शंभरेक जणांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद. आणि तरुण म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून साधारण पंचविशीपर्यंतचे, पुढे यातच पोट भरायचं असं ठरवलेले किंवा ठरवू पाहणारे वादक.

मुंबईचा माणूस

आकाशवाणीची ती सकाळची धून आठवा. प्रसारण सुरू होण्याआधी वाजायची ती. ती रचली वॉल्टर कॉफमन यांनी, युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराने. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं मानलं जातं. म्हणजे लॉस एंजेलिसच्या या संस्थापकाचा सूर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी, नाव न कळता, रोज ऐकलेला आहे.

मेहली मेहतांचा जन्म मुंबईचा, 25 सप्टेंबर 1908 चा. पारशी घर. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या काळच्या मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणं म्हणजे काय, हे जरा थांबून पाहायला हवं. पारशी हौशी वादक, गोव्याहून आलेले ख्रिश्चन वादक, मुंबईत राहणारे युरोपीय, आणि सुषिर वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं. गोव्यातल्या वादकांना चर्चच्या शाळांतून नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचायची सवय होती. त्यांच्यातले कितीतरी दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. वेगवेगळ्या शिस्तीत वाढलेल्या या माणसांना एका सुरात आणायचं, तर वाजवणं पुरत नाही, शिकवावंही लागतं. मेहलींची शिकवण्याची हातोटी त्या तालमींतच तयार झाली, असं मला ठामपणे वाटतं. घरात चाललेल्या तालमी ऐकत वाढलेला त्यांचा थोरला मुलगा झुबिन 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला शिकायला गेला. पुढचं जगाला माहीत आहे.

मेहली स्वतः मात्र शिकायचे थांबले नाहीत. 1945 मध्ये, सदतिशीत, बायको आणि दोन मुलं मागे ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकायला गेले. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली वाजवलं. मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला आले तेव्हा पंचावन्न उलटून गेली होती. झुबिन तिथल्या फिलहार्मोनिक या मोठ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक, म्हणजे मुख्य कंडक्टर, होऊन दोन वर्षं झाली होती. या वयात माणसं कामाचा पसारा आवरायला लागतात. मेहली यूसीएलए विद्यापीठात शिकवू लागले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली. तरुणांना मोठ्या ऑर्केस्ट्राचं शिक्षण मिळावं आणि लोकांना ते फुकट ऐकता यावं, हा तिचा गाभा. विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये होणाऱ्या मैफलींना तिकीट नसे. तीच संस्थेची ओळख झाली.

उलटा चालणारा वाद्यवृंद

व्यावसायिक ऑर्केस्ट्रात वादक टिकतात, कंडक्टर बदलतात. तिसाव्या वर्षी नोकरीला लागलेली व्हायोलावादक साठीपर्यंत त्याच खुर्चीत बसते आणि त्या काळात चार-पाच संगीत दिग्दर्शक तिच्यासमोरून जातात. ब्राह्म्सची दुसरी सिंफनी तिने प्रत्येकाबरोबर वाजवलेली असते. नवा माणूस पहिल्या दिवशी पोडियमवर, म्हणजे कंडक्टरच्या चौथऱ्यावर, चढतो तेव्हा तोच पाहुणा असतो. वादकांना सगळं ठाऊक असतं: कुठे हॉल सूर गिळतो, कुठे शिंगं (हॉर्न) उशिरा ऐकू येतात, कोणत्या पानावर आजवर सगळ्यांचा गोंधळ होत आलाय.

तरुणांच्या ऑर्केस्ट्रात हे सगळं उलटं असतं. मुलं तीन-चार वर्षं राहतात आणि पुढच्या शिक्षणाला किंवा नोकरीला निघून जातात. टिकतो तो कंडक्टर. चार वर्षांची एक पिढी धरली, तर मेहलींच्या हाताखालून वादकांच्या आठ पिढ्या गेल्या. संस्थेची स्मृती खुर्च्यांमध्ये नव्हती, पोडियमवर होती. कोणती सिंफनी कधी वाजवली, ऑडिशनला आलेल्या मुलामुलींत काय पाहायचं, पहिल्या व्हायोलिनांचा आवाज कसा हवा, हे एका माणसाला माहीत होतं.

म्हणून अशा संस्थेत नवा कंडक्टर येतो तेव्हा दोन्ही बाजू पाहुण्या असतात. हे लक्षात न घेता स्वागताच्या सगळ्या योजना आखल्या जातात: हार, भाषण, उद्घाटनाची मैफल, चहा. यातलं काही चूक नाही. पण त्या संध्याकाळी ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यातली बरीचशी पुढच्या दोन वर्षांत निघून जाणार असतात.

इथे काळाचं एक साधं गणित आहे. पहिल्या हंगामात जवळजवळ सगळे वादक आधीच्या कंडक्टरने निवडलेले. दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत निम्मे जुने, निम्मे नव्याने निवडलेले. चौथ्या हंगामापर्यंत जुन्याला पाहिलेलं फारसं कोणी उरत नाही. जे काही जुन्याकडून नव्याकडे जायचं, ते या तीन वर्षांतच जातं. नंतर सांगायला माणूसच नसतो. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात चुकलेलं दहा वर्षांनी दुरुस्त करता येतं, कारण जुनी माणसं बसलेली असतात. तरुणांच्या वाद्यवृंदात ती सोय नाही.

गादी कोणाला दिली

अमेरिकन यूथ सिंफनीने 1998 मध्ये निवडलेला माणूस पाहिला की या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय दिसतो. अलेक्झांडर ट्रेगर मूळचे सोव्हिएत संघातले, मॉस्कोत थोर व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राख यांचे शिष्य. सत्तरच्या दशकात ते देश सोडून अमेरिकेत आले आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये रुजू झाले. तेव्हा तिथे झुबिन मेहतांचा काळ चालू होता. पुढे ते त्याच ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर झाले, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीतले, सगळ्या तंतुवाद्यांची जबाबदारी असलेले वादक.

यात दोन गोष्टी जुळल्या. एक, माणूस शहरातलाच होता. कोणत्या शिक्षकाकडून कशी मुलं तयार होऊन येतात, फिलहार्मोनिकमध्ये ऑडिशन द्यायची तर मुलांना काय यायला हवं, हे त्यांना रोजच्या कामातून माहीत. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या भाषेत सांगायचं तर घराणं जुळलं. मेहलींचे गुरू गलामियन तबरीझमध्ये जन्मले, पण शिकले मॉस्कोत, कोन्स्तान्तिन मोस्त्रास यांच्याकडे. ऑइस्त्राख घडले ओडेसात स्तोल्यार्स्की यांच्याकडे आणि आयुष्यभर मॉस्कोत शिकवत राहिले. गज कसा धरायचा याबाबत दोघांची मतं वेगळी होती, पण आवाज कसा असावा याची कल्पना जवळची होती: गजाच्या पूर्ण लांबीतून निघणारा, भरीव, गाणारा. आग्र्याची गायकी ऐकत वाढलेल्या मुलांना ग्वाल्हेरचा गुरू मिळाला तर त्यांना नवं खूप शिकायचं असतं, पण कानाला परकं वाटत नाही. तसं काहीसं.

संस्थापकाच्या जागी त्याच्यासारखाच माणूस आणणं धोक्याचं असतं, असं म्हणणारे पुष्कळ असतात. नक्कल होते, संस्था जागच्या जागी राहते. मला या प्रकरणात तसं दिसत नाही. वाद्य तेच, स्वभाव आणि वाट वेगळी. मेहलींनी शून्यातून माणसं गोळा करून ऑर्केस्ट्रा बांधला होता. ट्रेगर जगातल्या उत्तम ऑर्केस्ट्रांपैकी एकाच्या पहिल्या खुर्चीतून आले होते. एकाकडे बांधणीचा अनुभव, दुसऱ्याकडे ती इमारत आतून कशी असावी याचा.

आणखी एक योगायोग. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात रॉइस हॉलचं मोठं नुकसान झालं आणि तो बंद करावा लागला. दुरुस्ती होऊन तो पुन्हा उघडला तो 1998 मध्येच. नवा माणूस आणि परत मिळालेलं जुनं घर एकाच वर्षी. हॉल म्हणजे ऑर्केस्ट्राचं अर्धं वाद्य असतं. भिंतींवरून परत येणारा आवाज ऐकून वादक आपला तोल साधतात. नव्या कंडक्टरला त्या हॉलचे कान नव्याने शोधायला मिळणं, हा मोठाच लाभ.

पेन्सिलीच्या खुणा

इथे माझ्याच गोष्टीकडे वळते, कारण हस्तांतर म्हणजे नेमकं काय, हे मला कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा एका शनिवारी जास्त कळलं.

मी सतरा वर्षांची होते. मुंबईतल्या तरुणांच्या एका स्ट्रिंग ग्रुपमध्ये दुसऱ्या व्हायोलिनांत, तिसऱ्या स्टँडवर (नोटेशन ठेवायचा स्टँड, दोघांत एक). आमचे सर अकरा वर्षं तो ग्रुप चालवत होते. एका मे महिन्यात ते परदेशी गेले आणि जूनमध्ये नव्या मॅडम आल्या. आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. मॅडमनाही कोणी काही सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं.

स्टँडवर मोत्सार्टची 'आयने क्लाइने नाख्टम्युझिक' होती. ज्यांनी स्ट्रिंग ग्रुपमध्ये वाजवलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. नोटेशनच्या पानावर स्वरांच्या वर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. गज खाली ओढायचा तिथे खाली तोंड केलेल्या चौकटीसारखी, वर ढकलायचा तिथे इंग्रजी व्ही सारखी. एका विभागातल्या सगळ्यांचे गज एकाच दिशेने गेले पाहिजेत. नुसतं दिसायला बरं म्हणून नव्हे. गज खाली येताना हाताचं वजन मिळतं, वर जाताना ते साधावं लागतं, म्हणून दिशा बदलली की वाक्याचा उच्चारच बदलतो. त्या खुणा म्हणजे सरांचं अकरा वर्षांचं म्हणणं होतं. पान पिवळं पडलं होतं, कडेला कोणाच्या तरी चहाचा डाग होता, आणि सुरुवातीच्या मोठ्या स्वराखाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'घाई नको'.

मॅडमनी स्वतःच्या खुणा करून आणल्या होत्या. म्हणाल्या, "जुनं सगळं खोडा." हॉलमध्ये वीस खोडरबरांचा आवाज झाला. पानांवरून रबराचा चुरा मांडीवर पडत होता. सर सुरुवातीचा लांब स्वर आणि त्याच्यामागचा छोटा स्वर एकाच डाऊन-बोमध्ये, मध्ये श्वासाइतकं थांबून घ्यायला लावत. मॅडमना खाली-वर, आळीपाळीने हवं होतं. माझ्या शेजारची मैत्रीण पुटपुटली, "सर असं नव्हते सांगत."

मॅडमनी ऐकलं. पोडियम नव्हतंच, एक बाक होतं. त्यावरून उतरून आमच्या स्टँडशी आल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "सर कसं करायचे? वाजवून दाखव."

तिने वाजवलं. मॅडमनी पुन्हा वाजवायला लावलं, मग दोघींना मिळून. मग म्हणाल्या, "हे छान आहे. सुरुवातीला हेच ठेवू. पुढच्या पानापासून माझं करून बघू. पटलं नाही तर बोलायचं."

आमचा ग्रुप त्या दिवशी वाचला, असं मी म्हणेन. पूर्ण नाही. तीन चेलोंपैकी दोघांनी दिवाळीपर्यंत सोडलं होतं, त्यांना सरच हवे होते. पण उरलेल्यांना कळलं की सरांकडून शिकलेलं फेकून द्यायचं नाहीये. खंत एकच राहिली: खोडण्याआधी कोणी ती पानं मॅडमच्या हातात दिली असती, तर वीस जणांना ते खोडावंच लागलं नसतं. झेरॉक्सला शंभर रुपयेसुद्धा लागले नसते.

अठरा वर्षांत काय झालं

परत लॉस एंजेलिसकडे. नवा माणूस रुजला की नाही, हे पहिल्या मैफलीच्या टाळ्यांवरून कळत नाही. त्याने आपलं असं काही सुरू केलं का आणि जुन्याचा कणा मोडला का, हे पाहावं लागतं. ट्रेगर यांच्या कारकिर्दीत मोठ्या सिंफनींचं शिक्षण, तरुणांवरचा भर, बहुतांशी विनामूल्य मैफली, हे सगळं राहिलं. त्याच्या जोडीला एक नवी गोष्ट आली, जी फक्त याच शहरात सुचू शकते. सिनेमाचं संगीत. डॅनी एल्फमन आणि जेरी गोल्डस्मिथ यांच्या चित्रपटसंगीतावर या ऑर्केस्ट्राने वर्षानुवर्षांचे प्रकल्प केले. त्या मैफली सिनेसंगीतकार डेव्हिड न्यूमन यांनी कंडक्ट केल्या.

मला हे फार आवडतं. लॉस एंजेलिसमध्ये शिकणाऱ्या व्हायोलिनवादकाच्या पुढच्या आयुष्यात फिलहार्मोनिकची खुर्ची एखाद्यालाच मिळते. बाकीच्यांपैकी अनेक जण स्टुडिओत बसून, कानाला हेडफोन लावून, त्यातल्या क्लिकच्या ठोक्यावर, समोरचं नोटेशन पहिल्याच वाचनात वाजवून पोट भरतात. ते कौशल्य वेगळं आहे. आपल्याकडेही हेच झालं. मुंबईच्या सिनेसंगीताच्या सुवर्णकाळात पाश्चात्त्य नोटेशन जाणणाऱ्या गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनीच ते तंतुवाद्यांचे मोठे विभाग उभे केले. अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात सिंफनीसारखा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यासोबत गायला लावलं, ती याच मातीतली गोष्ट.

नव्या कंडक्टरने जागेकडे पाहून काम ठरवलं, असं म्हणता येईल. त्याच वेळी पोडियम दुसऱ्याला द्यायलाही तो कचरला नाही. सिनेसंगीताचा जाणकार न्यूमन होता, तर काठी त्याच्या हातात. संस्थापकाच्या काळात एकच माणूस सर्व काही होता. आता स्मृती दोन-तीन माणसांत वाटली गेली. मी वर म्हटलं की तरुणांच्या वाद्यवृंदात स्मृती पोडियमवर असते. ती तिथून थोडी खाली उतरवणं, हे दुसऱ्या कंडक्टरचं मोठं काम.

मेहली मेहता पद सोडल्यावर चार वर्षं हयात होते. 19 ऑक्टोबर 2002 रोजी सँटा मोनिकात त्यांचं निधन झालं.

दुसऱ्यांनी काय केलं

हा प्रश्न सोडवण्याच्या इतर वाटाही आहेत. कार्नेगी हॉलने 2013 मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय तरुण ऑर्केस्ट्रा सुरू केला तेव्हा कायमचा कंडक्टर ठेवलाच नाही. पहिल्या उन्हाळ्यात व्हॅलेरी गेर्गिएव्ह, दुसऱ्यात डेव्हिड रॉबर्टसन, तिसऱ्यात शार्ल द्युत्वा. पण कंडक्टर येण्याआधी मुलांचं निवासी शिबिर असतं आणि व्यावसायिक ऑर्केस्ट्रांतले वादक प्रत्येक विभागाला बसवून घेतात. कंडक्टर बदलतो, बसवून घेण्याची रीत राहते. दरवर्षी नव्याचं स्वागत करायची सवय असलेली संस्था स्वागताला घाबरत नाही.

युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रा ही तिसरी तऱ्हा. 1976 मध्ये स्थापना, पहिले संगीत दिग्दर्शक क्लाउदिओ अब्बादो. मग बर्नार्ड हायटिंक, मग 2000 पासून व्लादिमीर अश्केनाझी, आणि 2015 मध्ये व्हासिली पेत्रेन्को. इथे जुन्या वादकांनाही दरवर्षी पुन्हा ऑडिशन द्यावी लागते. पेत्रेन्को येऊन वर्ष होतं न होतं तोच, मे 2016 मध्ये, युरोपीय संघाचा निधी थांबल्यामुळे ऑर्केस्ट्रा सप्टेंबरपासून बंद करावा लागेल असं जाहीर झालं. युरोपभर आरडाओरडा झाला, आणि काही आठवड्यांतच युरोपीय आयोगाने माघार घेऊन पैशाची वाट काढली. नव्या कंडक्टरचं याहून कडवट स्वागत मला माहीत नाही. पण कंडक्टरच्या गुणाशी त्या संकटाचा काही संबंध नव्हता. कार्यालय मजबूत होतं, माजी वादक देशोदेशी पसरलेले होते, ते उभे राहिले.

दुसरं हस्तांतर आणि शेवट

2016 मध्ये अमेरिकन यूथ सिंफनीने ट्रेगर यांच्यानंतर कार्लोस इझकराय यांना आणलं. व्हेनेझुएलाचे, चेलोवादक, संगीतकार, आणि त्याच सुमारास अलाबामा सिंफनीचेही संगीत दिग्दर्शक. होसे आंतोनिओ आब्रेउ यांनी 1975 मध्ये काराकासमध्ये सुरू केलेल्या, गरीब वस्त्यांतल्या मुलांना ऑर्केस्ट्रात बसवणाऱ्या 'एल सिस्तेमा' या चळवळीशी त्यांचं नातं होतं. 1998 ची निवड घराण्याच्या आतली होती, ही बाहेरची. लॉस एंजेलिसला त्याची ओढ असणं स्वाभाविक होतं. त्याच चळवळीतून आलेले गुस्ताव्हो दुदामेल 2009 पासून शहराच्या फिलहार्मोनिकवर होते. तरुणांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे निवडक हुशार मुलांचं प्रशिक्षण, की शहरातल्या सगळ्या मुलांचा हक्क, असा प्रश्न तिथे जोरात विचारला जात होता.

संगीताच्या बाजूने पाहिलं तर ही संस्था दोनदा कंडक्टर बदलून टिकली. संस्थापकाच्या सावलीत राहिलेल्या फार थोड्या संस्थांना हे जमतं. तरीही 2024 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, पैशाचं गणित न जुळल्यामुळे तिने काम थांबवलं.

इथे माझं मत सांगते. सुरांचं हस्तांतर झालं, देणगीदारांचं झालं नसावं. विनामूल्य मैफल म्हणजे दर हंगामाला कोणीतरी खिसा उघडणं. संस्थापकाला लोक देतात ते त्याच्याकडे पाहून. आडनाव मेहता, मुलगा फिलहार्मोनिकवर, स्वतः म्हातारपणी तरुणांपुढे उभे: कोण नाही म्हणेल? तो माणूस गेल्यावर देणाऱ्यांना संस्थेकडे पाहून द्यायला शिकवावं लागतं, आणि हे काम कंडक्टरचं नसतंच. ते कार्यकारी मंडळाचं असतं, आणि तेही त्याच तीन वर्षांच्या खिडकीत करायचं असतं. त्यानंतर कोविडची महासाथ आली, हॉल बंद झाले, आणि जगभरच्या कलासंस्थांची गंगाजळी आटली. एकाच कारणावर बोट ठेवणं अन्यायाचं ठरेल. पण स्वागताच्या बैठकीत नव्या कंडक्टरच्या पहिल्या कार्यक्रमावर दोन तास बोललं जातं आणि देणगीदारांच्या वहीवर पाच मिनिटं, हे मी आपल्याकडे अनेकदा पाहिलंय.

आपल्याकडे

मुंबईत 1995 पासून मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना शिकवतंय. तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला आणि त्याच्या जोडीने मुलांसाठी अकादमीही चालते. गोव्यात 2009 पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांच्या हातात व्हायोलिन-चेलो देतंय. पुण्यात, नाशकात, लहान लहान ग्रुप आहेत, जे एकेका सरांच्या किंवा मॅडमच्या जिवावर चाललेत. या सगळ्यांवर कधी ना कधी ती वेळ येणारच आहे.

त्यांच्यापैकी कोणी मला विचारलं, तर मी सांगेन: निघणाऱ्या सरांना हार घालण्याआधी त्यांच्याबरोबर एक पूर्ण दिवस बसा आणि वाद्यवृंदाची कपाटं उघडा. प्रत्येक पार्टची, म्हणजे एकेका वाद्याच्या नोटेशनच्या पानांची, प्रत काढा, खुणांसकट. कोणत्या मुलाला कशाची भीती वाटते, कोणाचे आईवडील नाराज आहेत, कोणाला फी माफ आहे, हे लिहून घ्या. देणगी देणाऱ्यांच्या घरी नव्या माणसाला घेऊन सरांनी स्वतः जावं. पहिल्या हंगामात निदान एक रचना अशी ठेवावी, जी मुलांना जुन्यांकडून पाठ आहे, आणि नव्या कंडक्टरने ती आधी ऐकावी, मग हात लावावा. मोठ्या मुलांना विभागप्रमुख करावं, कारण सांगायला तेच उरणार आहेत, तेही दोनच वर्षं. आणि सरांनी पहिलं वर्ष तालमीला येऊ नये. हे कठोर वाटतं, पण मागच्या दारात सर उभे असतील तर मुलांचे डोळे पुढे राहत नाहीत.

मॅडमनी पुढे आमचा ग्रुप नऊ वर्षं चालवला. त्या सोडून गेल्या तेव्हा कपाटातले सगळे पार्ट त्यांनी क्रमाने लावून ठेवले होते, प्रत्येक फायलीवर रचनेचं नाव, कधी वाजवली त्या तारखा. मोत्सार्टच्या फायलीत दुसऱ्या व्हायोलिनचं तिसऱ्या स्टँडचं पान होतं. त्या शनिवारी सगळं खोडताना मी दोन शब्द सोडले होते. मॅडमनी तिथे टेप लावून कागद जपला होता: 'घाई नको'.